दरवर्षी त्याच खाचरात तण, तीच कीड? औषधाआधी बांध बघा

लावणी होऊन महिना झाला की दर पावसाळ्यात मला दोन-तीन फोन येतात. "बाकीचं भात झकास आहे रे, पण खालच्या खाचरात नुसतं तण माजलंय. कुठलं औषध मारू?" मी विचारतो, गेल्या वर्षी कुठे होतं? उत्तर ठरलेलं असतं: तिथेच.

मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या अलीकडे, आमची पावणेदोन एकर भातशेती आहे. नोकरी ठाण्यात, त्यामुळे शुक्रवारी रात्री लोकलनं कल्याण आणि शनिवारी पहाटे मुरबाडची एसटी, असं गेली तेरा वर्षं चाललंय. हा एकच बिघाड मी आधी आमच्या तीन खाचरांत, मग चुलत्यांकडे, मग मामांच्या गावाला, असा इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता फोनवर ऐकूनच अंदाज येतो. पहिली दोन वर्षं मात्र मीही तणनाशकाच्या बाटल्याच आणत होतो.

आधी लक्षणं

यातली तीन-चार जरी जुळली तरी पुढचं वाचा.

तण सगळ्या खाचरात नाही, एका पट्ट्यात किंवा एका कोपऱ्यात आहे. त्यात पाखड आणि लव्हाळा जास्त.

पाऊस थांबल्यावर शेजारच्या खाचरात चार दिवस पाणी दिसतं, तुमच्यात दुसऱ्या दिवशी चिखल उघडा पडतो.

तुम्ही युरिया टाकता आणि खालच्या खाचरातलं दुसऱ्याचं भात गडद हिरवं होतं. हे लक्षण मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. तुमचं खत पाण्याबरोबर खाली चाललंय, शेजारी तुम्हाला दुवा देतोय.

बांधाचा माथा एका जागी खोलगट झालाय. तिथे खुरांचे ठसे आहेत, शेण पडलंय.

तणनाशक मारून पंधरा दिवसांत परत हिरवं.

गणपतीच्या सुमाराला मधलेच फुटवे वाळतात, आणि दसऱ्याकडे बांधालगतच्या लोंब्या कापून पडलेल्या सापडतात.

सगळं शेत एकसारखं पिवळं पडलं असेल, किंवा तण सगळीकडे सारखंच असेल, तर तुमचा बिघाड वेगळा आहे. बियाणं, चिखलणी किंवा खताकडे बघा. ही पोस्ट "तिथेच, दरवर्षी" या तक्रारीसाठी आहे.

पहिली तपासणी: एक काठी, खर्च शून्य

पाऊस नसलेली संध्याकाळ निवडा. खाचरात पाणी असताना कोपऱ्यात एक काठी रोवा, पाण्याच्या रेषेवर विळ्यानं खाच पाडा. तशीच दुसरी काठी शेजारच्या चांगल्या खाचरात लावा. सकाळी ऊन चढायच्या आत दोन्ही बघा.

रात्रीच का? दिवसा ऊन आणि भात दोघंही पाणी ओढतात, त्यामुळे हिशेब कळत नाही. रात्री जे उतरतं ते बहुतेक जमिनीतून किंवा बांधातून गेलेलं. अर्धं-पाऊण बोट उतरलं तर जमीन पितेय, मुरमाड जागी थोडं जास्तही. पण तुमच्या काठीवर तीन बोटं आणि शेजाऱ्याच्या काठीवर अर्धं बोट असेल, तर जमिनीला दोष देऊ नका. बांधाला भोक आहे.

आता याचा तणाशी काय संबंध, हे इथेच सांगतो, कारण बाकीची सगळी पोस्ट यावरच उभी आहे. पाखडासारख्या तणांच्या बियांना उगवायला हवा लागते. वर पाच सेंटिमीटर, म्हणजे आडवी तीन बोटं पाणी उभं असलं की त्यातल्या बऱ्याच बिया उगवतच नाहीत. भाताचं रोप मात्र तयार होऊन आलेलं असतं, त्याला पाण्याचं काही वाटत नाही. आपण चिखलणी करून पाणी धरतो ते एवढ्यासाठीच. ज्या पट्ट्यात पाणी ठरत नाही, तिथे तणाला मोकळं रान. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी त्या कोपऱ्यात पाणी नाही. याचं उत्तर आभाळात शोधून उपयोग नाही.

दुसरी तपासणी: मूठभर तूस

भोक आहे हे कळलं, पण कुठे? बांध साठ फूट लांब, वर गवत. आधी खालच्या अंगानं चाला, अनवाणी. पायाला गार झरा लागतो ती जागा ओली. तिथे आलेलं पाणी गढूळ असेल तर त्याबरोबर माती वाहतेय, म्हणजे भोक रोज मोठं होतंय आणि आजच बुजवायला हवं. पाणी नितळ असेल तर नुसता पाझर आहे, शनिवारपर्यंत थांबलं तरी चालेल.

मग वरच्या अंगाला जा आणि बांधालगत पाण्यावर मूठभर तूस सोडा. वारा पडलेला हवा. तूस संथ तरंगतं, तरंगतं, आणि एका जागी गोल फिरायला लागतं. तिथे हात घाला.

मला ही युक्ती कोणी पुस्तकातून दिली नाही. तिसऱ्या वर्षी मी पाठीवर पंप घेऊन बिसपायरीबॅक नावाचं तणनाशक मारत होतो, तेव्हा पलीकडच्या खाचरातून काकी ओरडली, "आरं बाबा, पानी तुझं माझ्याकडं चाललंय आन् तू वरनं औषध काय मारतोस?" ती पदर खोचून आली, टोपलीतलं तूस टाकलं आणि दोन मिनिटांत बोट दाखवलं. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आत काहीतरी हललं म्हणून झटक्यानं काढला. काकी हसली. "मुठा हाय. धर की!" मुठा म्हणजे बांधातला खेकडा. मी धरला नाही. तिनंच धरला, नांगी मोडली आणि पदरात टाकला.

तिसरी तपासणी: भोक कोणाचं?

बुजवण्याआधी हे ठरवा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तिथेच उभे राहाल.

मुठ्याचं बीळ पाण्याच्या रेषेला किंवा किंचित वर असतं, तोंडाशी ओल्या मातीचे गोळे, आत तिरकं खाली जातं. त्याच बिळाच्या आसपास नवीन रोपं बुडाशी कापलेली दिसतात, तेही मुठ्याचंच काम. उंदराचं बीळ बांधाच्या वरच्या, कोरड्या भागात, बाहेर भुसभुशीत मातीचा ढीग, आणि त्याला दुसऱ्या अंगाला आणखी एक तोंड असतंच. गुरांनी पाडलेली जागा तर उघडीच: माथा दबलेला, दोन्ही बाजूंना माती घसरलेली, भोक नाही पण बांधच वीतभर बुटका.

बीळ बुजवायची पद्धत एकच. वरून चिखलाचा गोळा कोंबू नका. तो दोन दिवस टिकतो आणि पहिल्या जोराच्या सरीला निघून जातो. बीळ कुदळीनं शेवटापर्यंत उघडा. मग चिकणमाती वीत-वीत थरानं भरा, प्रत्येक थर पायानं तुडवा. वर गवताची ढेप उलटी न ठेवता सुलटी बसवा, म्हणजे मुळं धरतात. नुसते दगड भरले की दगडांच्या फटीतून पाणी वाट काढतं. दगड वापरायचेच तर बाहेरच्या अंगाला, आत माती. चिखलणीच्या वेळीच आतल्या बाजूनं बांध चिखलानं लिंपून घेतला तर अर्धी बिळं तशीच बंद होतात. आमच्याकडे जुनी माणसं हे न सांगता करायची. ट्रॅक्टरनं चिखलणी सुरू झाली आणि लिंपणं सुटलं.

मुठ्यांसाठी विषारी आमिष बिळात टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी टाकत नाही आणि टाकूही देत नाही. जून-जुलैत अर्धा पाडा रात्री बॅटरी घेऊन मुठे धरायला निघतो, आणि त्याचं कालवण घरातली पोरंही खातात. कुठल्या बिळात विष होतं हे ताटात कळत नाही. दोन रात्री धरणारी पोरं आपल्या बांधावर फिरवली की काम होतं, पैसेही लागत नाहीत.

उंदरांचं मात्र एकट्यानं होत नाही. आपण मारले की शेजारच्या बांधावरचे येतात. बांध रुंद आणि गवताळ असेल तर त्यांना घरच बांधून दिल्यासारखं आहे. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचं, आणि झिंक फॉस्फाईडसारखं विष वापरायचं असेल तर कृषी सहाय्यकाला बोलावूनच.

चौथी तपासणी: तण उपटून बघा

बांध धरला, पाणी ठरलं. आता उभं असलेलं तण. पाखड कोवळेपणी भातासारखंच दिसतं, आणि बेणणीला (तण काढायला) नवीन माणूस असेल तर तो भात उपटतो आणि पाखड ठेवतो. ओळख सोपी आहे. पान जिथे खोडाला मिळतं तिथे नखानं ओढून बघा. भाताला तिथे पातळ पांढरी जीभ आणि बारीक केसाळ कानं असतात. पाखडाला काहीच नसतं, गुळगुळीत. लव्हाळ्याचं खोड बोटांत फिरवा, तीन धारा लागतात.

पट्टा लहान असेल तर हातानं बेणणी करा, आणि तण फुलावर यायच्या आत. एकदा बी गळलं की पुढची कित्येक वर्षं तेच. उपटलेलं तण बांधावर ठेवू नका; पावसात लव्हाळा बांधावरच मूळ धरतो आणि तुमच्या लिंपलेल्या मातीत घुसतो.

तणनाशकाबद्दल एवढंच. लावणीनंतर चार-पाच दिवसांत टाकायच्या औषधांना शांत उभं पाणी लागतं. तण उगवल्यावर मारायच्या बिसपायरीबॅकला आधी पाणी काढावं लागतं, म्हणजे तण उघडं पडतं, आणि फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत पाणी परत धरून आठवडाभर ठेवावं लागतं. गळक्या खाचरात यातलं एकही जमत नाही. म्हणून दुकानदाराला शिव्या घालण्याआधी काठी रोवा. औषध चांगलं होतं, पाणी नव्हतं. मात्रा लेबलवर असते तीच. "जरा कडक करून मारा" हे ऐकू नका.

आणि बांधावरचं गवत तणनाशकानं जाळू नका. मूळ मेलं की बांधाची माती सुटते आणि पुढच्या पावसात तुम्ही परत पहिल्या तपासणीवर. विळ्यानं कापा, गुरांना घाला. टाकळा, घाणेरी, रानमोडी गुरं खात नाहीत, तेवढी मुळासकट काढा. टाकळ्याची कोवळी पानं आपणच खातो, तो वेगळा भाग.

पाचवी तपासणी: कीड, पण पाण्याच्या बाजूनं

वाळलेला मधला फुटवा धरून वर ओढा. सहज हातात आला आणि बुडाशी कुरतडलेला असेल तर खोडकिडा. शेतात तिरकं चालत वीस चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) निवडा, फुटवे मोजा. शंभरात पाचच्या आत गाभे मेलेले असतील तर फवारणी नको, मेलेले फुटवे काढून नष्ट करा. ही अळी खोडाच्या आत असते, वरून मारलेलं बरंचसं पानावरच राहतं. पुढच्या वर्षी लावणीच्या आधी रोपांचे शेंडे खुडून टाका, कारण मादी पानाच्या टोकाकडे अंडी घालते. यालाही खर्च नाही.

बुडाशी बघा. चूड बाजूला सारून खोडाच्या तळाशी, पाण्याच्या लगेच वर, तांबूस बारीक तुडतुडे उड्या मारत असतील तर हे प्रकरण वेगळं आहे. यांना दाट, सावलीचं, सतत ओलं भात आवडतं, आणि वर युरिया जास्त झालेला असला की विचारूच नका. गोल गोल जळाल्यासारखे ठिपके पडतात. इथे पाणी धरायचं नसतं, सोडायचं असतं. खाचर तीन-चार दिवस कोरडं करा, युरियाचा हप्ता थांबवा. कोणी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध दिलं तर घेऊ नका. ते तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मारतं, आणि तुडतुडे दुपटीनं परत येतात.

म्हणूनच बांधाला मोरी लागते. आमच्याकडे मी चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवलाय, आतल्या तोंडाला कोपर. कोपर वर फिरवला की पाणी ठरतं, आडवा केला की सुटतं. मोरी नसली की माणूस पाणी सोडायला कुदळीनं बांध फोडतो, आणि तो फोडलेला भाग पुढची पाच वर्षं नाजूक राहतो. चुलत्यांच्या खाचरात उंदीर नव्हते, मुठे नव्हते, गुरंही नव्हती. चुलते स्वतःच दरवर्षी एकाच जागी बांध फोडत होते.

पानांच्या कडा वरून खाली पिवळ्या-पांढऱ्या होत जात असतील तर एक पान कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धूर उतरायला लागला तर तो जिवाणूचा करपा. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. युरिया बंद, आणि या खाचरातलं पाणी दुसऱ्या खाचरात सोडू नका.

दसऱ्याच्या सुमारास लोंब्या कापणारी लष्करी अळी दिवसा बांधाच्या गवतात आणि जमिनीच्या भेगांत लपते, रात्री चढते. बांधाकडून सुरुवात झालेली दिसते ती यामुळे. पाणी धरता आलं तर तिला जमिनीत लपायला जागा राहत नाही, वर येते, आणि बगळे-साळुंक्या बाकीचं बघतात.

सहावी तपासणी, आणि सगळ्यात अवघड: गुरं

बांध लिंपला, मोरी बसवली, आणि दोन आठवड्यांत त्याच जागी परत खड्डा. आता सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला तिथे उभे राहा. दोनच दिवस. कोणाची गुरं, किती, कुठून येतात, कुठे जातात, आणि इथूनच का?

मी आधी हे केलं नाही. मी बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. गुरांनी दहा फुटांवर दुसरीकडे बांध फोडला. तिथेही फांद्या टाकल्या, तर तिसरीकडे. एका बांधाचे तीन झाले. शेवटी गुराख्याला गाठलं आणि आवाज चढवला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "मंग गुरांनी उडत जायचं का रं भाऊ?"

त्यानं मला वर नेऊन दाखवलं. माळावर जायची जुनी वाट होती, ओढ्याच्या कडेनं. तिथली जमीन विकली गेली होती, नव्या मालकानं जाळीचं कुंपण घातलं होतं, आत आंब्याची कलमं आणि एक बंगला. मुरबाड-शहापूरकडे फिरलात तर हे जागोजागी दिसेल. फार्महाउसचं कुंपण एका जागी पडतं आणि गुरांचे पाय चार खाचरं सोडून दुसऱ्याच्याच बांधावर. गुरांना माळावर जायचंच आहे, ती जवळची वाट धरतात. येता-जाता शेण टाकतात, त्या शेणात माळावरच्या गवताचं बी न पचता येतं. तणाचा तो सरळ पट्टा का दिसतो, ते इथे कळतं. (याच कारणानं शेणखतही ताजं टाकू नका. खड्ड्यात नीट कुजून गरम झालेल्या खतात बरंचसं बी मरतं.)

म्हणून माझं मत असं झालंय: वाट अडवू नका, वाट द्या. तुम्हाला सोयीची जागा निवडा, पण द्या. आम्ही खाचराच्या वरच्या कडेनं चार फूट रुंद पट्टा सोडला, साठ फूट लांब. २४० चौरस फूट झाले, म्हणजे पाव गुंठाही नाही. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. तिथलं माझं फार तर आठ-दहा किलो भात गेलं. जिथे बांध ओलांडावाच लागतो तिथे एकच ओलांडा केला: बांध तीन-साडेतीन फूट रुंद, दोन्ही बाजूंना उतार, वर दगड आणि मुरूम ठोकून. उतार हवाच, कारण उभ्या बांधावर गाय उडी मारते आणि मागच्या खुरांनी माती ओरबाडते. उतारावर ती चालत जाते. मोरी या ओलांड्यापासून लांब ठेवा. पट्ट्याच्या आतल्या अंगाला निरगुडी लावली, ती गुरं खात नाहीत आणि फांदी खोचली तरी जगते. एक रविवार आणि दोन माणसांची मजुरी एवढा खर्च. गुराखी बाबांनीच पहिल्या दिवशी पुढची गाय हातानं धरून नेली. बाकीची मागोमाग गेली.

फवारणी केली की त्या वाटेवर लाल फडका बांधा आणि गुराख्याला तोंडानं सांगा. फडका वाऱ्यानं उडतो, सांगितलेलं लक्षात राहतं.

भात कापल्यावर गुरं मोकळी सोडायची रीत आहे, ती आपल्या वाल-हरभऱ्यासाठी कोणी मोडणार नाही. जमिनीतली मागची ओल धरून वाल टाकणार असाल तर दिवाळीच्या आधीच वाडीतल्या चार जणांना सांगून ठेवा, आणि शक्यतो दोघा-तिघांनी लागून लागून टाका. एकट्याच्या वालाची राखण परवडत नाही.

मालक न सापडणारं मोकाट जनावर असेल तर कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावरच्या १२ अंकी नंबरावरून पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकाचा माग लागतो. बिल्ल्याचा फोटो काढून वाडीच्या व्हॉट्सॲपवर टाकला तरी बहुतेकदा संध्याकाळपर्यंत मालक उगवतो. नाहीच आला तर ग्रामपंचायतीचा कोंडवाडा. जनावराला मारू नका. मारलेल्या जनावराचा मालक बरोबर येतो, आणि मग चूक तुमची ठरते.

आणि एक: रात्री माती उकरलेली, भाताचे चूड लोळवलेले, पण शेण नाही, तर ती गुरं नव्हेत. रानडुक्कर. त्याला ओलांडा करून उपयोग नाही.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

खालचं खाचर कमरेपेक्षा खोल असेल आणि मधला दगडी बांध पोट काढून बाहेर आला असेल, तर खाली उभं राहून खणू नका. पावसात तर नाहीच. पाणी सोडून द्या, उघडीप आल्यावर जाणत्या गवंड्याला दाखवा.

शंभरात पाचपेक्षा जास्त गाभे मेलेले, किंवा तुडतुड्यांचे जळके गोल वाढत चाललेत: कृषी सहाय्यकाला त्याच दिवशी शेतात आणा. तो सापडत नसेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात. दुकानदाराला फोटो दाखवून औषध घेणं हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे. आपल्या पट्ट्याचं भाताचं संशोधन कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रात होतं. तिथल्या शिफारशी आपल्या मातीला लागू पडतात, घाटावरच्या नेहमीच पडत नाहीत.

बिळात हात घालण्याआधी काठी घाला. फुरसं, घोणस, नाग, मण्यार, सगळे आपल्या बांधावर राहतात. चावलं तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळणं काही करू नका. अवयव हलवू न देता १०८ ला फोन आणि जिथे सर्पदंशाची लस आहे अशा सरकारी दवाखान्यात. मांत्रिकाकडे नाही.

फवारताना घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडात लाळ: पंप तिथेच टाका, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं पाहिजे. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते सगळ्यात जहाल.

लावणी-बेणणीनंतर ताप, डोळे लाल, पोटऱ्या पिळवटून दुखताहेत, तर चिखलात काम केल्याचं डॉक्टरला आपणहून सांगा. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून चिखलात लेप्टो उतरतो. पायाला जखम असेल तर त्या आठवड्यात चिखलात उतरूच नका, बांधाचं काम दुसऱ्याला द्या.

जनावर फवारलेलं गवत खाऊन फेस गाळायला लागलं तर जनावरांच्या दवाखान्याची हेल्पलाइन १९६२. घरगुती उपायात तास घालवू नका.

रानडुकरासाठी वनखात्याची हेल्पलाइन १९२६. कुंपणात वीज सोडायचा विचारही नको. त्यात माणसं मेली आहेत, आणि सोडणारा तुरुंगात जातो.

वाटेचा वाद गुराख्याशी न राहता कुंपणवाल्याशी गेला, तर बांधावर भांडू नका. तलाठ्याकडे गावनकाशा बघा; जुनी गाडीवाट किंवा पायवाट त्यात तुटक रेषांनी दाखवलेली असते. नकाशावरची किंवा वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज जातो. बांधावरून नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. हे दोन वेगळे अर्ज आहेत, लोक नेहमी गल्लत करतात आणि सहा महिने वाया जातात. अर्ज लिहिताना वकिलाला दाखवा. आमच्या वरच्या जुन्या वाटेचा अर्ज वाडीतल्या नऊ जणांच्या सह्यांनी गेलाय, सुनावणी अजून चालू आहे. तोपर्यंत गुरं माझ्या चार फुटी पट्ट्यावरून जाताहेत, आणि खालच्या कोपऱ्यात या वर्षी काठीवर रात्रीत अर्धंच बोट उतरलं.